टायर घ्यायचाय? आधी दार उघडा

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला, मॉन्ट्रियलहून. "मामा, आज अख्खी सकाळ टायरच्या दुकानाबाहेर रांगेत गेली." मी विचारलं, "का रे, पंक्चर?" तर म्हणाला, "नाही हो, ऋतू बदलला!"

त्याच्या क्युबेक प्रांतात कायदाच आहे. १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर हवेतच. म्हणजे वर्षातून दोनदा टायर बदलायचे. आपण दिवाळीनंतर गोधड्या काढतो आणि होळीनंतर घड्या करून माळ्यावर टाकतो, तसे हे लोक टायर काढतात आणि ठेवतात.

"तुमच्याकडे कोणते असतात? ऑल सीझन?" त्याने विचारलं.

"आमच्याकडे सीझन एकच. उन्हाळा. बाकीचे दोन पाहुणे म्हणून येतात," मी म्हणालो. दोघंही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मला काही हसू आलं नाही. कारण दोन वर्षांपूर्वीचा मे महिना आठवला.

मंडळी, टायर हा काही लेख लिहिण्याचा विषय नाही हे मलाही कळतं. सौ. म्हणाल्याच, "आता टायरवर लिहिणार? वाचणार कोण?" पण आमच्या नात्यातल्या निदान सहा घरांसमोर गाडी उभी आहे, आणि त्यातला एकही जण गाडीचं दार उघडून आतला स्टिकर वाचत नाही अशी मला खात्री आहे. (दाजी, तुम्हीसुद्धा!) मीही वाचत नव्हतो. तर आधी तो प्रसंग सांगतो, मग मत.

आईचा डोळा दाखवायला संभाजीनगरला गेलो होतो. आम्ही अंबाजोगाईला राहतो. इथून केज, मांजरसुंबा, मग घाट उतरून बीड, गेवराई, शहागडचा गोदावरीचा पूल आणि पुढे संभाजीनगर. जाताना सगळं ठीक. परत येताना शहागडच्या अलीकडे मागचं डावं चाक बसलं. टायरला चांगला बोटभर काप गेला होता. दुपारचे दोन, रस्ता तव्यासारखा तापलेला. जॅक लावला, स्टेपनी काढली. २०१५ साली गाडी घेतली तेव्हापासून ती डिकीत झोपून होती. एकदाही रस्ता न पाहिलेली, नक्षी अगदी कोरी. मी आईला म्हटलंसुद्धा, "बघ, नवाकोरा टायर आहे. काळजी नको."

गेवराई सोडली. पाडळसिंगीचा टोलनाका अजून यायचा होता. मागून एकदम धाड-धाड-धाड असा आवाज सुरू झाला, जणू कुणी पत्र्यावर काठीनं बडवतंय. गाडी मागून डावी-उजवी झुलायला लागली. नशीब असं की मागे ट्रक नव्हता आणि मी घाबरून ब्रेक दाबला नाही. स्टीअरिंग घट्ट धरून पाय नुसता काढून घेतला, गाडी आपोआप मंदावत कडेच्या मुरमात जाऊन थांबली. उतरून बघतो तर काय, त्या नव्याकोऱ्या टायरची वरची नक्षीची पट्टी अर्ध्याहून जास्त सोलून निघाली होती आणि मडगार्डखाली लोंबत होती.

आई खाली उतरली. डोळ्याला हिरवी पट्टी. चाकाकडे एका डोळ्यानं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "तुझे अण्णा गाडी जुंपायच्या आधी चाकावरून हात फिरवायचे."

अण्णांची गाडी म्हणजे बैलगाडी. त्या वाक्यानं मला जे लागलं ते अजून लागतंय. त्यांच्याकडे पुन्हा येतो.

त्या टायरच्या अंगावर चार आकडे होते, १११५. म्हणजे २०१५ सालचा अकरावा आठवडा. नऊ वर्षांचा टायर मी 'नवाकोरा' म्हणून लावला होता. गाडीचे चार टायर २०१९ मध्ये बदलले होते, पाचव्याची आठवणही झाली नव्हती. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, ऊन-वाऱ्यानं वाळतं, आतल्या थरांची एकमेकांवरची पकड सुटत जाते. आणि हे वरून दिसत नाही. टायर बनवणारे स्वतःच सांगतात की पाचएक वर्षांनंतर दरवर्षी जाणत्या माणसाकडून टायर तपासून घ्या, आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही शाबूत असली तरी काढून टाका. स्टेपनीसकट. आमच्याकडच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर दहाव्या वर्षापर्यंत न्यावा असं मला तरी वाटत नाही.

तर दुसऱ्या दिवसापासून टायरची शोधाशोध सुरू झाली. आणि इथून खरी गंमत.

पहिल्या दुकानात मी विचारलं, "डिझायरला कोणते टायर घ्यावे?" दुकानदार माझ्या माजी विद्यार्थ्याचा चुलता निघाला, त्यामुळे चहा आधी आला. मग म्हणाला, "सर, काय ते बारीक टायर घालून फिरायलाव? जाड टाका की. गाडी कशी दिसंल बघा! एकशे पंच्याऐंशी पासष्ट, चौदाच. स्टॉकमध्येच आहेत, स्वस्तात बसतील." दुसऱ्या दुकानात सांगितलं, अलॉय घ्या आणि पंधराचे टायर टाका. तिसऱ्या दुकानदाराचं म्हणणं, "माप काही नसतं हो, रिमवर बसलं की झालं." शेजारच्या काकांनी फुकटात सांगितलं, "आपल्या रस्त्याला मोठाच टायर पाहिजे, खड्ड्यात गाडी घासत नाही." चार माणसं, चार मतं, आणि चौघांपैकी एकानेही माझ्या गाडीचं दार उघडलं नाही.

मी गणित शिकवतो. मतं ऐकून डोकं गरगरायला लागलं की मी आकडे शोधतो. ड्रायव्हरचं दार उघडलं. चौकटीवर स्टिकर होताच, नऊ वर्षं तिथेच होता. १६५/८० आर १४. खाली हवा किती भरायची तेही. आता हा आकडा वाचायचा कसा ते सांगतो, दहावीपर्यंतचं गणित पुरतं.

१६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या शेकडा ८०. म्हणजे १३२ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल. आणि १४ म्हणजे रिमचा व्यास, तो मात्र इंचात! (एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. हे ज्यानं ठरवलं त्याला माझ्या वर्गात बसवायला पाहिजे.) चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची भिंत मिळवा. उभ्या चाकाची एकूण उंची आली ६१९.६.

आता पहिल्या दुकानदाराचा टायर घेऊ. १८५ चे शेकडा ६५ म्हणजे १२० मिलिमीटर आणि थोडं. दोनदा मिळवलं की एकूण उंची ५९६.१. म्हणजे 'जाड' म्हणून दिलेला टायर रुंदीला जाड असला तरी उंचीला साडेतेवीस मिलिमीटरनं बुटका! गाडी रस्त्याच्या जवळपास बारा मिलिमीटर जवळ येणार. शेजारच्या काकांना खड्ड्यात घासणारी गाडी नको होती ना? हा टायर घातला असता तर ती आणखी घासली असती. शिवाय चाकाचा प्रत्येक फेरा सातेक सेंटिमीटरनं कमी पडतो. स्पीडोमीटरला ते कळत नाही, तो फेरे मोजतो. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी खरी ९६ नं चाललेली असेल, आणि किलोमीटरचा हिशोब तेवढाच फुगलेला. एकूण उंचीत तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नये असा ढोबळ नियम सांगतात. इथे पावणेचार टक्के होता.

दुसऱ्या दुकानदाराचं म्हणणं मात्र तपासून बघण्यासारखं निघालं. डिझायरच्याच वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ देत होती. त्याची बेरीज करा. ३८१ अधिक दोनदा १२०.२५, म्हणजे ६२१.५. माझ्या टायरपेक्षा दोन मिलिमीटरही जास्त नाही! रिम एक इंचानं वाढलं तशी भिंत कमी केली आणि चाकाची उंची होती तिथेच ठेवली. माप बदलायचं तर असं बदलतात. टायरबरोबर रिमही बदलायचं आणि बेरीज जुळवायची. रुंद टायरला कोरड्या रस्त्यावर पकडही चांगली मिळते, हे मान्यच. पण मी तेही घेतलं नाही. खर्च हे एक कारण. दुसरं कारण आमचे रस्ते. उंच भिंत म्हणजे खड्ड्याचा दणका सोसायला रबराची जास्त गादी. आमच्या ओळखीत ज्यांनी हौसेनं बुटक्या भिंतीचे टायर आणि अलॉय घातले, त्यातल्या दोघांच्या टायरला पहिल्याच पावसाळ्यात फुगा आला. भिंतीतले धागे तुटले की तिथे फुगा येतो, आणि असा टायर मग दुरुस्त होत नाही, टाकावाच लागतो. ज्या १६५/८० ला सगळे 'बारीक' म्हणून हसत होते, तोच आमच्या वाटेला जास्त शहाणा होता.

मापाच्या पुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं. माझ्या टायरवर ८५ टी. ८५ म्हणजे एका टायरनं ५१५ किलो वजन पेलायचं, टी म्हणजे ताशी १९० पर्यंतचा वेग. आपण कशाला १९० नं जातो, असं म्हणून खालचं अक्षर घेऊ नका. वेग म्हणजे उष्णता, आणि ते अक्षर म्हणजे टायर किती उष्णता सोसेल त्याचीच कबुली आहे. वजनाचा आकडा आणि हे अक्षर कंपनीनं दिलंय त्याच्या खाली कधी जायचं नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. ऑल सीझन.

त्यांच्याकडे हा शब्द बर्फामुळे आला. सात अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि पकड सोडतं. हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहतं, पण उन्हात लवकर झिजतं. या दोघांच्या मधली तडजोड म्हणजे ऑल सीझन, थोडं हे थोडं ते. आमच्या बीड जिल्ह्यात सातच्या खाली पारा गेलाच तर एखाद्या पहाटे जातो, आणि मे महिन्यात चाळीस-बेचाळीस ही रोजची गोष्ट. इथल्या दुकानात मिळणारा साधा टायर हाच आमचा बारमाही टायर. तेव्हा कुणी 'ऑल सीझन' म्हणून दोन पैसे जास्त मागितले तर हसून चहा प्यावा आणि उठावं.

पण ऋतू आम्हालाही आहेत, फक्त ते आमचे आमचे आहेत. पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पहिला पाऊस पडला की शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर येते आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. सुगीत लोक तूर, सोयाबीनचं काड रस्त्यावर वाळत घालतात. दिवाळीनंतर उसाचा ऋतू, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि सांडलेली कांडकी. या सगळ्यात उपयोगी पडते ती नक्षीची खोली. कायद्याप्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, आणि खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर गोटा झाला समजा. पण ओल्या रस्त्यावर तीन मिलिमीटरच्या खालीच टायर दगा द्यायला लागतो, म्हणून मी कायद्याची वाट बघत नाही.

आणि उन्हाळ्यासाठी आमच्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे, 'उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतो.' हे अगदी उलटं आहे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात टायरची भिंत जास्त वाकते, वाकण्यानं तापते, आणि तापून तापून फुटते. तार एकाच जागी वाकवत राहा, बोटाला चटका बसतो, तसंच. स्टिकरवर लिहिलीय तेवढी हवा, सकाळी टायर थंड असताना भरायची. बस्स. नायट्रोजनचं म्हणाल तर नेहमीच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, फुकट. :) हवेची गळती त्यानं थोडी कमी होते, पण महिन्याला हवा तपासणाऱ्याला त्याची गरज नाही.

अपघात झाला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं, "टायर फुटला." जणू वीज पडली. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर २०२३ मध्ये परिवहन खात्याला प्रवेशाच्या ठिकाणी गाड्यांचे टायर तपासायची वेळ आली, आणि गोटा टायरच्या गाड्या परत फिरवल्या गेल्या. फुटणारा टायर बहुतेक वेळा आधी सांगत असतो. तारीख सांगते, नक्षी सांगते, फुगा सांगतो. आपण वाचत नाही. माझा टायर तर मला चार आकड्यांत सांगत होता आणि मी आईला नवाकोरा म्हणून दाखवत होतो.

मला राग येतो तो आपल्या क्रमाचा. गाडी घेताना रंग ठरवायला आख्खं घर बसतं. सीटकव्हर, म्युझिक सिस्टीम, मागच्या काचेवर कुणाचं नाव लिहायचं, यावर आठवडाभर चर्चा. आणि गाडी रस्त्याला जिथे टेकते, त्या तळहाताएवढ्या चार जागा? त्या दुकानदाराच्या स्टॉकवर सोडून देतो. आमच्या भागात तर हा प्रश्न जास्तच जिवाचा. बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, तीही अहिल्यानगरच्या बाजूनं. त्याआधीच्या पिढ्या आणि अजूनही आमचे बहुतेक पेशंट, परीक्षार्थी, वऱ्हाडी, सगळे टायरवरच जातात. दरवर्षी ऊसतोडीला जाणारी लाखो माणसं बायका-मुलांसकट, भांड्याकुंड्यांसकट ट्रक-ट्रॅक्टरवर बसून जातात, आणि खाली कुठला टायर आहे हे त्यांना कुणी विचारत नाही, त्यांनी विचारलं तर ऐकत नाही. ज्याच्या हातात निवड आहे त्यानं तरी ती नीट करावी ना?

आता अण्णा.

केज तालुक्यातल्या आमच्या गावी लाकडी चाकाला धाव बसवायचा दिवस म्हणजे पोरांची जत्रा असायची. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, त्या काळचा टायरच. लोहारकाका आधी चाकाच्या कडेनं सुतळी फिरवून माप घ्यायचे, एकदा नाही, दोनदा. मग पट्टीचं कडं करायचे ते मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान. गोवऱ्या रचून त्यात ते कडं लाल होईपर्यंत तापवायचं. तापलं की लोखंड फुगतं. चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचं, लाकूड धुरावायला लागायचं आणि लगेच वरून पाणी. चर्रर्र! कडं आकसून चाकाला असं धरायचं की आरे कुरकुरायचे. मी एकदा विचारलं होतं, "काका, लहान कशाला करता?" म्हणाले, "ढिली धाव वाटंत सुटती, लई घट्ट धाव चाक मोडती. मापच पाहिजे."

अण्णा शिकलेले नव्हते. पण धावेचं माप त्यांनी कधी गावच्या मतावर ठरवलं नाही आणि निघण्याआधी चाकावर हात फिरवल्याशिवाय कधी बैल जुंपले नाहीत. मला त्याच घरात राहून, गणितात पदवी घेऊन, हे कळायला गेवराईच्या पुढचा तो मुरूम लागला.

शेवटी मी काय केलं ते सांगून संपवतो. माझ्या मापाचेच पाच टायर घेतले. चार नव्हे, पाच. दुकानात प्रत्येकाची तारीख वाचली. एक दीड वर्षापूर्वीचा निघाला तो परत दिला. दुकानदार म्हणाला, "सर, टायर काय दूध हाय का नासायला?" मी म्हणालो, "नासतं हो, फक्त वास येत नाही." अलाइनमेंट, बॅलन्सिंग करून घेतलं. जुने टायर तिथेच टाकून आलो, रबर चढवून ते कुणाच्या गाडीला लागू नयेत म्हणून भिंतीला काप मारायला लावले. ज्यांना एका वेळी दोनच परवडतात त्यांनी नवी जोडी मागच्या चाकांना घालावी. सगळे पुढे घालतात, पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर निदान कळतं आणि सावरता येतं, मागची घसरली तर गाडी गरकन फिरते.

परवा आईला पुन्हा डोळ्यासाठी नेलं. निघताना ती अंगणात गाडीच्या मागच्या बाजूला थांबलेली दिसली. दोन्ही डोळे आता चांगले आहेत तिचे. वाकून चाकावरून हात फिरवला, हात पदराला पुसला आणि आत येऊन बसली. काही बोलली नाही. मीही नाही. घाट उतरेपर्यंत झोपली होती.

ता. क. – दाजी, तुमच्या बोलेरोची स्टेपनी गाडीच्याच वयाची आहे. मागच्या लग्नात तारीख बघून ठेवलीय मी. ताईला सांगायच्या आत बदला.